सोमवार सकाळचा कप्पा

प्रिय अहो,

पत्र बघून दचकला असाल. फोन असताना पत्र कशाला? तर फोनवर तुम्ही नुसतं 'हं, हं' करता आणि मेसेजला अंगठा दाखवता. पत्राला अंगठा दाखवता येत नाही, म्हणून पत्र. मुद्द्याचं आधी सांगून टाकते. रविवारी आम्हाला घ्यायला येऊ नका. मी आणि चिमणी इथे ताईकडेच राहतोय. का, ते शेवटी लिहिणार आहे. आणि लगेच शेवटचं पान उलटू नका, हॉटेलचं बिलसुद्धा तुम्ही खालून वर वाचता हे मला माहीत आहे.

चिमणी मजेत आहे. तिला खालचे दोन दात आलेत आणि ताईच्या बोटावर ती त्यांची धार बघते. तुम्ही फोनवर रोज विचारता, तिचे थेंब दिले का, तर हो, दिले. माझं विचारत नाही, तरी सांगते. ताईने आल्या आल्या मला रक्त तपासायला नेलं. इथल्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट वाचला, चष्मा काढला आणि माझ्याकडे न बघता ताईकडे बघितलं. बाळंतपणानंतर हिच्या गोळ्या कुणी बंद केल्या, म्हणाल्या. मी म्हटलं, कुणी नाही हो, आपोआप बंद पडल्या. तर म्हणतात कशा, बंद पडायला ते काय भिंतीवरचं घड्याळ आहे? ताईने घरी येऊन भांडी मात्र जोरजोरात घासली.

त्या दिवशी गाडीत चक्कर आली ती ऊन लागून, असं मी तुम्हाला सांगितलं होतं. ऊन नव्हतं, आभाळ आलं होतं. शेजारी स्टिअरिंगवर त्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, साठी उलटल्यावर गाडी शिकायला निघालेल्या. चौकात समोरून बस वळली आणि बाई गोंधळल्या. असल्या वेळेसाठीच आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला दुसरा ब्रेक असतो, माझ्या पायाशी. इतकी वर्षं तो पाय आपोआप जातो, डोक्याला विचारावं लागत नाही. त्या दिवशी डोळ्यांपुढे अंधारी आली आणि पाय गेलाच नाही. बाईंनीच दोन्ही पायांनी ब्रेक दाबला, म्हणून आज हे पत्र लिहिते आहे. वर त्यांनी माझ्या गालावर चापट्या मारल्या, पाणी पाजलं आणि म्हणाल्या, पोरी, तुला घरी कुणी जेवायला देतं की नाही? स्कूलच्या मालकांनी मला घरी बसवलंय. ओरडले नाहीत. जिने दुसऱ्याला वाचवायचं तीच आडवी झाली तर कसं चालेल, एवढंच म्हणाले. खरंच आहे ते. रक्त भरून आलं नाही तर त्या सीटवर मला परत कुणी बसवणार नाही, आणि मला दुसरं काही येत नाही. यायला नकोही आहे.

तुम्हीही त्याच गाडीत शिकलात. 'अरे क्लच! अरे, आरशात बघ! अरे, ब्रेक दाब!' अशी मी ओरडायची आणि तुम्ही घामाघूम. मग त्या 'अरे'चं लग्न झालं. घरी आईंच्या कानावर एकदा ते पडलं, त्यांचा चेहरा बघितला आणि 'अरे'चं 'अहो' झालं. त्याचं मला फारसं काही वाटलं नव्हतं. तुम्ही तेच होतात.

मूल राहीना तेव्हा तर तुम्ही मला तळहातावरच घेतलंत. आपल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दिवस राहायची वाट बघत बसू नका, ही पिवळी गोळी निदान तीन महिने आधीपासून सुरू करायची, बाळाच्या पाठीच्या कण्याचं काम आईला कळायच्या आतच सुरू होतं. मी ऐकलं आणि विसरले. तुम्ही कसे विसरणार? कारखान्याचं अख्खं स्टोअर सांभाळणारा माणूस! दुसऱ्याच दिवशी तो कप्प्यांचा डबा आणलात. सात दिवस, सकाळ-संध्याकाळ. प्रत्येक कप्प्यावर तुमच्या त्या ठसठशीत अक्षरात चिठ्ठी. सोम सकाळ, सोम संध्या. रोज ती इवलीशी पिवळी गोळी माझ्या तळहातावर ठेवायचात आणि ती गिळेपर्यंत पाण्याचा पेला धरून उभे राहायचात.

दिवस राहिले आणि डबा भरगच्च झाला. लोहाची लाल गोळी, कॅल्शियमची पांढरी, आणि दोघींचं सवतींसारखं वाकडं, एकत्र घ्यायच्या नाहीत. लालवर लिंबूपाणी चालेल, दूध चालणार नाही, आणि चहा तर आसपाससुद्धा फिरकता कामा नये. माझ्या हातातला कप काढून घेतलात तुम्ही! चहावाचून माझं डोकं चालत नाही हे माहीत असून. मळमळ व्हायची, पोटाचं तर विचारूच नका. दुपारी तुमचा फोन यायचा, 'घेतली का?' गाडीतल्या पोरी खिदळायच्या. मॅडम, आमच्या नशिबात असला नवरा कधी? मी वरवर वैतागायची आणि आत फुलून यायची. मला वाटायचं, केवढा जीव आहे याचा माझ्यावर.

माझ्यावर. तिथेच फसले.

दवाखान्यातून निघताना डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं ते आठवतं? अंगावर पाजतेय तोवर लोह आणि कॅल्शियम चालूच ठेवायचं, रक्त बरंच गेलंय. तुम्ही चिमणीला छातीशी धरून उभे होतात आणि मान डोलवत होतात. ती मान तिच्याकडे बघून डोलत होती हे मला नंतर कळलं. डब्यातला उरलेला साठा संपला आणि नवा आलाच नाही. चिमणीच्या थेंबांची एक बाटली तळाला जायच्या आत दुसरी हजर असते. घरातलं मीठसुद्धा तुम्ही कधी संपू दिलेलं नाही. आई म्हणाल्या, आता कशाला त्या गरम गोळ्या, दूध आटेल. त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. तुम्हाला सांगितलं होतं. मी एकदा विचारलं, तर तुम्ही रजिस्टर मिटल्यासारखं म्हणालात, 'अजून चालू आहेत? मला वाटलं, तो विषय संपला.'

विषय! गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. इथे वैद्य ठणठणीत आहे. तुम्हाला स्टोअरच्या भाषेत सांगते म्हणजे कळेल: माल सुखरूप पोचला, आता खोक्याकडे कोण बघतो? चहाची बंदी उठली तेव्हा मी वेडी खूश झाले होते. गोळीच्या आधी, नंतर, कधीही चहा प्यायला लागले आणि कुणी कप काढून घेतला नाही. कुणी का काढून घेत नाही, हा प्रश्न पडायला मला कितीतरी महिने लागले.

तुम्ही म्हणाल, स्वतः आणायच्या होत्यास. हो, आणायच्या होत्या. पण इतके दिवस तुम्ही मला त्या डब्याला हात लावू दिला नाहीत, तुझ्या लक्षात राहत नाही म्हणालात, आणि मला त्याचीच गोडी लागली. मग मी रुसून बघत बसले, तुमच्या लक्षात येतं का. आणि मग एक दिवस आरसा टांगायला खिळा शोधताना डबा सापडला. तुमच्या हत्यारांच्या फळीवर. सोम सकाळमध्ये बारीक स्क्रू, सोम संध्यामध्ये जाड, मंगळमध्ये वॉशर. चिठ्ठ्या तशाच. मी खिळा घेतला आणि झाकण लावून टाकलं. भांडले असते तर बरं झालं असतं.

आता शेवट, आणि इथून पुढे मला 'अहो' जमायचं नाही. इथे येताना माझी बॅग तू भरलीस. ताईकडे ती उघडली तर चिमणीच्या झबल्यांखाली तो डबा! स्क्रू काढून, घासूनपुसून, चकचकीत. हातात घेऊन हलवला तर आत गोळ्या वाजल्या. अरे, मी ताईच्या पलंगावर बसून रडले. म्हटलं, आली आठवण याला, बायको चौकात आडवी झाली तेव्हा का होईना. ताईला हाक मारून दाखवायला म्हणून सोम सकाळ उघडली. पिवळी. मंगळ उघडला, पिवळी. सगळे कप्पे उघडले. लाल एकही नाही, पांढरी एकही नाही, सगळ्यात त्या इवल्याशा पिवळ्या. आई महिनाभर पाठच्या भावंडाचं बोलत होत्या आणि तू पंख्याकडे बघत होतास, मला वाटलं तुला तो विषय नकोय. तू तर आधीचे तीन महिने मोजायला लागला होतास. मला न विचारता, माझं रक्त न बघता. औषधाच्या दुकानात उभा राहिलास, लाल गोळ्या तिथेच कुठेतरी समोर असतील, आणि तुला पिवळ्या आठवल्या. म्हणून हे पत्र. लाल-पांढऱ्या माझ्या मी आणल्यात, माझ्या पैशांनी, आणि ताईने दिलेल्या काचेच्या वाटीत ठेवल्यात. चहाही माझा मीच लांब ठेवते. चिमणीला भेटायला हवं तेव्हा ये. मला न्यायला मात्र मी बोलावीन तेव्हाच, आणि बोलावीनच असं नाही. डबा पोस्टाने परत पाठवतेय. तुझे स्क्रू उघड्यावर पडले असतील.

तुझी
('च' तूर्त माझ्याकडेच राहू दे.)