भिंगरीला वळण लागलं

तीर्थरूप दादा,

धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार (शिवणयंत्रावर बसून बसून कंबर धरली आहे, तेव्हा जेवढं वाकता आलं तेवढ्यावर समाधान मान). तुझा खोकला कसा आहे? वहिनीचा गुडघा? छापखान्यातला नवा माणूस अजून उलटीसुलटी अक्षरं जुळवतो का? मी बरी आहे. शाळेच्या शिवणखोलीला खिडकी नाही, पण त्यामुळे बाहेर बघण्यात वेळ जात नाही, असं मोठ्या बाई म्हणतात. त्या म्हणतात ते इथे सगळ्यांना पटतं.

आता तुझ्या भिंगरीविषयी. साडेचार वर्षांच्या पोरीला या निवासी बालवाडीत ठेवताना तू म्हणाला होतास, घर डोक्यावर घेते, जरा वळण लागू दे, आणि तिथे आत्या आहेच की. आत्या आहे, पण शिवणखोलीत. पहिल्या दिवशी मीच तिच्या फ्रॉकवर सत्तावीस आकडा टाचला (इथे मुलांना नावाने हाक मारत नाहीत, नावं लांब असतात). हजेरीला सत्तावीस पुकारलं, तर ही मागे वळून शोधते आहे, कोण बरं सत्तावीस? तिसऱ्यांदा पुकारल्यावर शेजारच्या मुलीला म्हणाली, "अगं, ओ दे ना, बाई कधीच्या थांबल्यात."

जेवणाच्या टेबलावर चाळीस चमचे एकदम वर जातात, एकदम खाली येतात, आणि आवाज म्हणशील तर शून्य. तुझी लेक मध्येच ताटलीवर ताल धरायची. व्हरांड्यात पांढऱ्या रेघेवरून चालायचं असतं, तर ही लंगडी घालायची. मोठ्या बाईंना तिने विचारलं, की तुमच्याशी घरी कुणी बोलत नाही का (हे ऐकून आचारी हसला. त्याला कुणी काही बोललं नाही, पण त्यानंतर तो हसलेला मी पाहिला नाही).

मोठ्या बाई रागावत नाहीत, दादा. मारणं सोडच, आवाजही चढवत नाहीत. नुसत्या जवळ येऊन उभ्या राहतात. मग बाकीची एकोणचाळीस मुलं हातातलं टाकून त्या एकाकडे बघत बसतात. तोंडावर राग नाही, हसू नाही, काही नाही. मूल गप्प झालं की पुन्हा आपापल्या कामाला. भिंगरीने सुरुवातीला त्या मुलांना हसवायचा चंग बांधला. वेडावून दाखवलं, गिरक्या घेतल्या, बदकासारखी चालली. अर्धा तास ही नाचत होती आणि ती मुलं बघत होती. मी दाराशी बटणांचा डबा घेऊन उभी होते. तिचा आवाज हळूहळू बारीक होत गेला, आणि शेवटी ती स्वतःच्याच पायांकडे बघत उभी राहिली.

दुपारी जेवणानंतर मुलं झोपतात. सगळी उजव्या कुशीवर; घंटा झाली की सगळी डाव्या. मी काहीतरी निमित्त काढून डोकावायचे, कारण एका खाटेवर उशीवर पाय असायचे आणि ती आपली भिंगरी असायची. या मंगळवारी गेले, तर चाळीस डोकी एकसारखी. मला माझी भाची सापडेना. हळूच हाक मारली. कुणी हललं नाही. मग आकडे वाचत वाचत सत्तावीसपाशी आले आणि वाकले. तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "झोपेच्या वेळी बोलायचं नसतं." आवाज तिचाच, पण बोलण्याची ढब थेट मोठ्या बाईंची. आणि बाकीची एकोणचाळीस मुलं, डोळे मिटलेलीच, माझ्या बाजूला वळली. घंटा झाली नव्हती.

बाकी क्षेम. प्रगतिपुस्तकात 'रुळली' असा शेरा मिळाला आहे. वहिनीला नमस्कार सांग.

तुझी,
धाकटी

ता. क. वरचं सगळं काल लिहिलं. आज सकाळी पत्र टाकायला निघाले, ती भिंगरीला घेऊनच. फाटकात मोठ्या बाई उभ्या होत्या. त्यांनी अडवलं नाही. म्हणाल्या, "चार दिवसांत तीच परत चला म्हणेल." मी भिंगरीचा हात धरून फाटकाबाहेर पडले. नोकरी गेली असं समज.

आणखी ता. क. आम्ही बसस्थानकावर आहोत. हे पत्र दुपारच्या गाडीच्या ड्रायव्हरबरोबर पाठवते, तो तुझ्या छापखान्यावरूनच जातो. आम्ही संध्याकाळच्या गाडीने येतो. दोघींना ठेवून घे. मला ठेवणं नाही जमलं तरी चालेल, तिला ठेव. आणि घ्यायला तू स्वतः ये. ती माझ्या शेजारी गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसली आहे. मी म्हटलं, बाबा येतील हं न्यायला. तर मान न वळवता म्हणाली, "बाबा नाही. पालक." मी विचारलं, मग मी कोण, मेथी? हसली नाही. तेव्हा वाईट वाटून घेऊ नकोस. गाडीतून उतरली की भिंगरी म्हणूनच हाक मार, चांगली मोठ्याने, आणि ओ देईपर्यंत मारत राहा.