गुळाच्या धक्क्यावरची कडी

१२ मे
अमरसिंह दारात आला. पायताण बाहेर काढून. चार वर्षांत पहिल्यांदा.

मी भाकरी थापत होते. शिवाजी पेठेतल्या मेसला अकराच्या आत साठ भाकरी द्यायच्या असतात. हात थांबवला नाही.

"भाबी, तुमच्याकडं एक काम हुतं."

धक्क्यासमोर नदीत त्यानं तराफा बांधलाय, वर टेबलं-खुर्च्या. तराफ्याची साखळी जुन्या कडीला अडकवलीय. ती कडी पक्की आहे, असा नदीतल्या जाणकाराचा कागद कुणा साहेबांना पाहिजे म्हणे. नावेचा शेवटचा परवाना माझ्या नावावर होता. म्हणून मी.

याच माणसाच्या पोरांनी ह्यांना धक्क्याच्या पायऱ्यांवरून फरफटत नेलं होतं. का, तर आपलीच नाव आपल्याच धक्क्याला बांधली म्हणून. कमरेचं हाड मोडलं. सात महिने अंथरुणात काढून गेले. बाबालाल नावाडी! तीस वर्षं सगळ्या गावाला नदीपार नेलं, आणि शेवटी कूस बदलायलाही मी लागायची.

म्हटलं, "येते. परवा सकाळी."

१४ मे
चार वर्षांनी धक्का पाहिला. एकेकाळी गुळाच्या ढेपा इथं होड्यांतून उतरायच्या. आता ओळीनं अकरा बार आणि कॅफे. सकाळच्या वेळी सगळ्या खुर्च्या उलट्या, बिअरचा आंबूस वास, तारांवर विझलेले दिवे. गुळाच्या गोदामावर इंग्रजी नाव.

फाटकाशी ज्ञानू. ह्यांच्याबरोबर वीस वर्षं वल्हं मारलेला ज्ञानू! खलाशाची पांढरी टोपी घालून उभा. येणाऱ्या पोरापोरींना सलाम ठोकायची नोकरी. मला बघून टोपी काढली.

"पोटासाठी करतूय, भाबी."

मी कडीजवळ बसले. कडी रोवलेला दगड काठीनं ठोकला. आतून पोकळ. हे मला माहीतच होतं. मागच्या महापुरात हा दगड हलला, तेव्हापासून ह्यांनी त्या कडीला नाव बांधली नव्हती. नुसत्या डोळ्याला काही दिसत नाही. लोखंड तर अजून मनगटाएवढं जाड.

अमरसिंह मागं उभा होता. "कसं काय वाटतंय?"

"हत्ती बांधा," म्हटलं.

कागदावर लिहिलं, कडी मजबूत आहे. खाली सही. जरीना बाबालाल.

१५ मे
सही एका दमात केली. हे लिहून ठेवते.

२ जून
सगळा विचार केलाय. पाणी वाढलं की धक्का बंद होतो, तराफ्यावर कुणी नसतं. माणूस मरायला नको. तराफा जाऊ दे. पुलावर उभं राहून सगळ्या कोल्हापूरला बघू दे. अमरसिंहानं काठावर नुसतं बघत बसावं, मी अंगणात बसले होते तशी.

अंगणात बसून मी फक्त ह्यांचं कण्हणं ऐकत होते.

१८ जुलै
पाच दिवस झड लागलीय. रोज भाकरी पोचवून पुलावर जाते. धक्क्याच्या सहा पायऱ्या बुडाल्या. तराफा साखळीला हिसके देतोय. बरं वाटतं. आज वाटेत जिलेबी घेतली, किती दिवसांनी.

२६ जुलै
हात सोलपटलेत. जमेल तसं लिहिते.

सकाळी आठला ज्ञानूची बायको आक्काताई पळत आली. "भाबी, आमचं मालक तराफ्यावर हायत! अमरसिंहानं सांगितलंया, पाणी कितीबी वाढू दे, तराफा सोडून हलायचं न्हाई."

नाव घरामागं पालथी पडलेली. तालमीतल्या चार गड्यांनी उचलून पाण्यात टाकली. चार वर्षांत मी वल्हं धरलं नव्हतं. पुलाखालून निघाले आणि समोरच दगड निखळला. आवाजसुद्धा झाला नाही. तराफा नुसता फिरला आणि निघाला. वर ज्ञानू. हात वर करून काहीतरी ओरडत होता.

खाली बाभळींत तराफा अडकला. झाड आणि लोखंड यांच्यामध्ये त्याचा उजवा हात. कसा सोडवला, मला आठवत नाही. नावेत घेतला तेव्हा तो माझ्याकडंच बघत होता.

२८ जुलै
दवाखान्यात गेले. तीन बोटं काढली. वल्हं धरायची बोटं.

आक्काताईनं माझे पाय धरले. "तुमच्यामुळं जीव वाचला," म्हणाली. मी पाय मागं घेतले.

ती औषधं आणायला गेली तेव्हा ज्ञानू हळूच म्हणाला, "ती कडी तुम्ही बघितलीती न्हवं?"

"व्हय."

"पोकळ हाय, म्हायत हुतं?"

"व्हय."

मी पाण्याचा पेला पुढं केला तर त्यानं तोंड फिरवलं. बायको आल्यावर तिच्या हातनं प्याला.

३ ऑगस्ट
पोलिसांत जाऊन सगळं सांगायचं ठरवलं. दोनदा कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आले. खोटी सही माझी. पण ज्ञानूला वर बसवणारा अमरसिंह. दोघांनी भोगावं. तो एकटा सुटता कामा नये, एवढंच डोक्यात घोळतंय.

९ ऑगस्ट
अमरसिंह आला. पेढ्यांचा पुडा घेऊन. तराफ्याच्या विम्याचे पैसे मंजूर झाले म्हणाला. माझा कागद आणि राखणदार हजर असणं, या दोनच गोष्टींवर सगळं अवलंबून होतं.

"कडी पोकळ हाय, ते मला एप्रिलातच कळलंतं, भाबी. इंजिनियर काय सही करंना. मग म्हटलं, तुम्ही कराल."

"मीच का?"

पायताण घालता घालता म्हणाला, "तुमचा माझ्यावर किती राग हाय, ते मला ठावं हाय की."