आप्पा, घरात पुन्हा पिल्लू आहे

आप्पा, आईची चूल होती तिथं आता गॅसचा ओटा आहे आणि त्या ओट्याखाली पोत्यावर कुत्र्याचं एक पिल्लू पडलंय. करड्या रंगाची, पोटाला पांढरी अशी मादी. डोकं माझ्या मुठीत मावेल एवढंच. ही वाचणं अवघड आहे असं डॉक्टरांनी सांगितलंय, आणि मलाही तसंच दिसतंय. घरात बोलायला दुसरं माणूस नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

तुम्ही धर्मापुरीच्या गाडीवर कंडक्टर होता तेव्हाची एक संध्याकाळ मला अजून दिसते. तुम्ही दारात उभे आहात, एका हातात तिकिटांची पेटी, आणि खाकी शर्टाच्या आत काहीतरी वळवळतंय. आई भाकरी थापता थापता वर बघते. "घरात माणसांची कमी हाय का, म्हणून हे आणलंय?" तुम्ही पाय धुता धुता म्हणता, "गाडीखाली आलं असतं. जाऊ का परत टाकून?" डब्याच्या झाकणात दूध ओतून आईनं ते चुलीपासून लांब सरकवलं. ते पिल्लू तुम्ही माझ्यासाठी आणलं होतं हे मला पुष्कळ उशिरा कळलं, कारण तुम्ही तसं कधी म्हणाला नाहीत. उन्हाळ्यात ते आजारी पडून मेलं. तुम्ही न्हाणीमागं खड्डा केलात. मी दोन वेळा जेवले नाही तेव्हा तुम्ही ताट माझ्यापुढं आदळलंत. "रडायचं तर रड, पर जेवून रड. उपाशी राहिलीस म्हणून ते उठणार न्हाई." मला तुमचा लई राग आला होता. पण जेवले.

तुम्ही गेलात त्यानंतरचं तुम्हाला काहीच माहीत नाही. माझं लग्न मोडल्यावर तुम्हीच मला अंबाजोगाईला नर्सिंगला घातलं होतंत. त्याच शिक्षणावर मी मस्कतला गेले, तिथल्या एका दवाखान्यात लागले. आई होती तोवर सुट्टीला येत होते. ती गेल्यावर येण्यासारखं काही उरलं नाही. तिथं ऊन असं, की दुपारी रस्त्यावर माणूस दिसत नाही. दवाखान्याच्या मागं एसीचं पाणी ठिबकायचं, आणि एक पिल्लू ते चाटत बसायचं. एक दिवस उचललं आणि खोलीवर नेलं. मी ड्युटीवरून आले की ते जिन्यातल्या माझ्या पावलांवरूनच ओरडायला लागायचं. एवढ्या वर्षांत त्या परक्या गावात माझी वाट बघणारं तेवढं एकच होतं. मी त्याच्याशी आपल्याकडचं बोलायचे. "आलेय की रे, कावून ओरडतोस?" असं म्हटलं की ते मान वाकडी करायचं.

मग त्याला जुलाब सुरू झाले, रक्ताचे. मी दिवसभर माणसांना सलाईन लावणारी बाई, पण त्याच्या पायाला सुई लावताना मी तोंड फिरवलं. जनावरांच्या डॉक्टरांनी केलं ते सगळं केलं. ते माझ्या मांडीवरच गेलं. डॉक्टरांनी हळूच विचारलं, तुम्ही नेणार की आम्ही बघू? मी कुठं नेणार होते, आप्पा? तिसऱ्या मजल्यावरची भाड्याची खोली, आणि बाहेर जिकडं बघावं तिकडं दगडाचे डोंगर. पुरायला हातभर माती माझ्या मालकीची नव्हती. मी त्याला तिथंच टेबलावर ठेवून बाहेर आले. पुढं त्याचं काय केलं ते मी विचारलं नाही.

नोकरी संपल्यावर आपल्या घरी, वडवणीला परत आले. घर झाडलं, पुसलं, रंग दिला. आता कशात जीव गुंतवायचा नाही, असं ठरवलं होतं. तसे दिवस बरे चालले होते, म्हणजे नुसते चालले होते. दिवाळीनंतर शेजारची बाई आली. नवरा-बायको ऊसतोडीला निघाले होते, ट्रॅक्टर कोपऱ्यावर उभा होता, आणि तिच्या पदरात ही. "ताई, हिची माय डांबरीवर गाडीखाली गेली. फडावर हिला कुठं नेऊ? तुमी एकट्याच हाव. ठिवा."

"नको गं. माझ्याच्यानं नाही व्हायचं."

"कावून? खायला असं किती लागतंय तिला?"

ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न वाजवला, तिनं पिल्लू उंबऱ्यावर ठेवलं आणि पळाली. मी बराच वेळ दारात तशीच उभी होते. ही मात्र सरळ आत गेली आणि ओट्याखाली जाऊन बसली.

मी काही कमी केलं नाही, आप्पा. पहिली लस दिली, दुसरीची वेळ अजून यायची होती. दूध पाजलं, रात्री अंगावर आईच्या लुगड्याचा तुकडा टाकला. फक्त मांडीवर घेत नव्हते. तरी ती माझ्या चपलेवर डोकं ठेवून झोपायची. परवा तिनं ओकलं, आणि मागून तोच रक्ताच्या जुलाबाचा वास आला. तो वास मी अर्ध्या झोपेतही ओळखीन. रिक्षा करून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण आहेत, भले आहेत. सुई लावताना म्हणाले, "ताई, सलाईन लावतो. पर लई लहान हाय. आशा ठिवू नका." मी म्हणाले, ठेवलेली नाही. खरंच ठेवली नव्हती. परत येताना रिक्षात मनात एवढंच होतं, की निदान इथं न्हाणीमागं जागा आहे. कुदळ कुठं आहे तेही आल्या आल्या बघून ठेवलं.

आज दुपारी तिनं माझ्या बोटावरची भाताची पेज चाटली. दोनदा. डॉक्टरांना फोन केला, तर ते म्हणाले, जायच्या आधी कधी कधी अशी तरतरी येते, त्यावर जाऊ नका. मीही माणसांमध्ये असं पुष्कळ वेळा बघितलंय. आता तिचा श्वास वरवर चाललाय आणि डोळे उघडे आहेत, पण ते माझ्याकडं बघतायत असं म्हणता येत नाही.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून लिहिते. आशा ठेवलेली नाही, असं डॉक्टरांना सांगितलं ते खोटं नव्हतं. पण पेज चाटल्यापासून तिनं जगावं असं मला वाटायला लागलंय, आप्पा, आणि मला त्याचीच भीती वाटते.