आई, तुझा आवाज त्यांनी कामाला लावला

प्रिय आई,

तुला पत्र लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. पण आज ऑफिसात तुझा आवाज ऐकला, आणि घरी येऊन थेट लिहायला बसले. बाबांना अजून सांगितलं नाही. तुलाच आधी सांगते.

आपली चंद्रपूरची हेल्पलाइन! गडचिरोलीच्या जंगलातल्या गावांमधून गरोदर बायांचे फोन यायचे आणि तू म्हणायचीस, "बोल बाई, मी आयकून राह्यली." तूच मला तिथं लावलंस. तू गेल्यावर तुझ्याच खुर्चीवर बसत होते.

आज साहेबांनी सगळ्यांना बोलावून पेढे वाटले. म्हणाले, आता फोन एआय उचलणार. आणि बटण दाबलं.

"बोल बाई, मी आयकून राह्यली."

तूच गं! शेवटी शेवटी आवाजात आलेली घरघरसुद्धा! तुझे जुने कॉल ऐकवून त्यांनी यंत्राला शिकवलं होतं. बाबांना विचारलं? मला विचारलं?

साहेब हसून म्हणाले, "श्रद्धांजलीच समजा. बाई आता कधी सुट्टी घेणार नाहीत."

सुट्टी! केमोसाठी तू सुट्टी मागितलीस तेव्हा "फोन कोण उचलेल?" म्हणणारा हाच माणूस. किळस आली मला. पेढा कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकला. आणि तू तरी काऊन ऐकून घेतलंस गं तेव्हा? एकदा तरी भांडायचं होतंस!

तेवढ्यात खरा फोन आला. सुकमाबाई, धानोऱ्याकडची. तिच्या पहिल्या बाळंतपणात तू रोज तिच्याशी बोलायचीस, तीच.

"बाई? तुमी त गेल्या म्हनत होते! मी लय रडली होती."

यंत्र तुझ्या आवाजात म्हणालं, "मी बरी आहो. तुले कितवा महिना लागला?"

मी हेडफोन ओढून घेतला. "सुकमाबाई, मी प्रज्ञा, त्यांची पोरगी. आई खरंच गेली. हे मशीन बोलून राह्यलं."

ती म्हणाली, "मंग ते खोटं काऊन बोलते?"

साहेब म्हणाले, छोटी चूक आहे, दुरुस्त करू. माझ्या शेजारी फोन उचलणारी शोभाताई उठली, मग बाकीच्या दोघी. म्हणाल्या, हा आवाज बंद करा, नाही तर आम्ही फोन उचलत नाही. संध्याकाळी बंद झाला.

जिंकलो वाटलं ना? निघताना साहेबांनी त्या तिघींना सांगितलं, सोमवारपासून येऊ नका. दुसरा आवाज येतोय, कुठल्या तरी परक्या मुलीचा. मला मात्र ठेवणार, यंत्राच्या चुका सुधारायला. 'ट्रेनर' म्हणे! शोभाताईची नोकरी घालवून मला बढती? थू!

मी नाही म्हणून आले. घर कसं चालेल, ठाऊक नाही.

उद्या बाबांना घेऊन जाते. तुझे सगळे कॉल माझ्यासमोर पुसून घेईन, नाही ऐकलं तर कलेक्टर ऑफिसात जाऊन बसेन. पण वचन देते, आई, यापुढे तुला कुणी ड्यूटीवर बोलावणार नाही.

तुझीच,
प्रज्ञा