तिसऱ्या सिलिंडरची कॉइल

अण्णा,

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. जे. पी. नगरचं गॅरेज अजून चालू आहे, तेही तुम्ही बेळगावहून आणून हाताखाली तयार केलेल्या मामांच्या जिवावर. माझा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे, मी ताकही फुंकून पितो. हल्ली फोन आला की मामा फाटकाबाहेर जाऊन बोलतात. तेव्हापासून मला वाटायला लागलं, कुठंतरी पाणी मुरतंय.

त्यात सर्जापूर रोडवरच्या एका बाईंची गाडी आली. सिग्नलला उभी केली की थरथरायची. स्कॅनर सांगत होता, तिसरा सिलिंडर मिसफायर करतोय. मामांनी प्लग बदलले. आठ दिवसांत गाडी परत आली, म्हणून मी प्लगला ठिणगी देणारी कॉइल नवी मागवली. मामा नवी बाहेर विकून जुनीच बसवतील, असं माझ्या मनात आलं. कॉइल त्यांच्या हातात देण्याआधी मी तिच्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. हो, तुमच्या मामांवर पाळत ठेवायला.

गाडी तिसऱ्यांदा आली. "दादा, आता खरंच कंटाळा आलाय हो," बाई म्हणाल्या. मी बॉनेट उघडून आधी तिसरी कॉइल पाहिली. ठिपका नाही. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर आपलं बरोबर निघालं म्हणून बरंही वाटलं. बाईंच्या देखत विचारलं, "मामा, नवी कॉइल कुठं गेली?"

मामांनी हात पुसले. "पहिल्यावर बघ की. नवी लावून पण इंजिन स्वल्प हललं, मग हलायचं थांबलं. म्हणून पहिल्याची इथं लावली, नवी तिथं. तुला सांगायचं राहिलं बघ. अण्णांनीच शिकवलंय नव्हं?"

ठिपका पहिल्यावर होता. स्कॅनर अजून तिसराच सिलिंडर दाखवत होता. म्हणजे दोष कॉइलमध्ये नव्हताच.

आपलं स्वयंपाकघर आठवलं. शेगडीचा एक बर्नर भकभकतोय, मी शेगडीच टाकून द्यायला निघालोय, आई चहासाठी खोळंबली आहे. तुम्ही दोन बर्नरच्या टोप्यांची अदलाबदल करता. भकभक जागेवरच राहते, तेव्हा तुम्ही खालची नळी साफ करायला घेता. "आधी फेकायला निघतोस, हेच तुझं वाईट," असं तुम्ही म्हणाला होतात. मामांनी तो धडा घेतला, मी नुसती बोलणी खाल्ली.

मामांनी चालू इंजिनात तिसऱ्या सिलिंडरात पेट्रोल सोडणाऱ्या इंजेक्टरची वायर बोटानं हलवली आणि थरथर वाढली. वरचं आवरण धडधाकट, आतली तार तुटलेली. वायर जोडून झाल्यावर ते सावकाश म्हणाले, "खूण तू केलास काय रे?"

मी म्हणालो, "दुकानातूनच तशी आली असेल."

"सरी, बरं," एवढंच बोलून ते आत गेले.

तेव्हापासून मामा काढलेला प्रत्येक जुना पार्ट आणून माझ्या टेबलावर ठेवतात. फोन कुणाचे येतात, ते मला अजून माहीत नाही, आणि विचारायचं तोंडही उरलेलं नाही.

हे पत्र खरं तर त्यांनाच लिहायला हवं होतं. ते दहा पावलांवर बसलेत. तुम्ही उलटून काही विचारणार नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.