डावीकडचे पट्टे

३ मार्च, सोमवार

शेपटी हलली! भर रस्त्यात, मागून ट्रक येत असताना. ह्यांनी नवी मोटरसायकल आमच्या राहायच्या ट्रेलरच्या मागे टांगली होती. वेल्डरकडून खास लोखंडी चौकट करून घेतली होती. पिकअपनं जरा वेग घेतला आणि मागचा अख्खा संसार डावी-उजवीकडे डुलायला लागला. मी डोळे मिटून घेतले.

मेकॅनिकनं एका नजरेत ओळखलं. मागे वजन नको, काका, उलटाल. पिकअपच्या हौद्यात चढवा, असं तो म्हणाला. हे त्याच्यावरच वैतागले. निवृत्त माणसाला कुणी शिकवलेलं खपत नाही.

५ मार्च

आता फटफटी हौद्यात. फळी लावायची, हे हँडल धरून वर ओढणार, मी मागून ढकलणार. परवाच्या हेलकाव्यात स्टँड मोडलाय, त्यामुळे हे वर तिला धरून उभे. सोडली की आडवी! तिला बांधायला डावीकडचे दोन पट्टे मी खालून आवळायचे. "झालं?" "झालं." मग हे उजवीकडचे आवळतात. माझे पट्टे कधी तपासत नाहीत. इतक्या वर्षांत माझ्या कामावर शंका घेतली नाही, हे मात्र खरं.

माझ्या शिलाई मशीनला वजन होतं म्हणून जागा नव्हती. ही एकशे ऐंशी किलोची!

९ मार्च

ट्रेलर लावलाय त्या तळावर नळाला पाणी नाही. बाकी काही नाही.

१४ मार्च, शुक्रवार

हे सकाळीच फटफटीवरून गेले. ट्रेलर एका जागी लावला की अडकून पडायला होतं, म्हणून तर ही घेतली म्हणे. मला सोबत नेता येत नाही, कारण मागची सीट काढून तिथं सामानाची पेटी बसवलीय. मला पिकअप चालवता येत नाही. मोबाइल एकच, तोही ह्यांच्या खिशात. पलंगापासून ओट्यापर्यंत पाच पावलं. ओट्यापासून पलंगापर्यंतही पाचच. जीव गुदमरतो.

घर वर्षभरासाठी भाड्यानं दिलंय; चार महिने झाले, अजून आठ. मग भाडेकरू जातील आणि मी माझ्या घरी. मागची खोली भाड्यानं दिलेली नाही. मशीन, आईची ट्रंक, कापडं, सगळं तिथं कुलपात आहे. किल्ली माझ्या पर्समध्ये. रोज एकदा चाचपून बघते. वेडी म्हणो कुणी.

२० मार्च, गुरुवार

मोबाइल चार्जिंगला राहिला आणि हे गेल्यावर वाजला. आमची जुनी शेजारीण. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, धूळ फार येते गं, तुमच्या मागच्या खोलीची भिंत पाडताहेत ना! मी म्हटलं, भाडेकरू कशाला पाडतील? ती म्हणाली, "अगं, नवे मालक पाडताहेत. तुला ठाऊक नाही?"

गॅसवर चहा होता. सगळा उतू गेला.

हे आले तसं विचारलं. हेल्मेट हातातच. आधी म्हणाले, दाराची कडी घट्ट करायला हवी. मग म्हणाले, "तू नाही म्हणाली असतीस. म्हणून सांगितलं नाही."

आणि सही? ती मीच केली होती! भाडेकरार म्हणून पुढे आलेल्या गठ्ठ्यावर, हे बोट ठेवतील तिथं तिथं. चष्मासुद्धा लावला नव्हता. मीही कधी काही तपासलं नाही.

मशीन भंगारात गेलं. ट्रंकेचं ह्यांना आठवत नाही.

म्हणजे घर विकून आलेला हा ट्रेलर, ही पिकअप, ही फटफटी, हेच माझं घर. त्याचेच पट्टे मी आवळत होते. संताप संताप झाला. रडू आलं नाही, ह्याचंच नवल वाटतं.

२१ मार्च

हे दिवसभर फटफटी पुसत होते. संध्याकाळी म्हणाले, उद्या नऊला निघायचं. जणू काही झालंच नाही.

२२ मार्च, शनिवार

फटफटी चढवली. मागून मीच ढकलली. हे वर, दोन्ही हातांनी धरून. "झालं?"

मी घडीची खुर्ची उघडली, दोन्ही पट्टे मांडीवर घेतले आणि बसले. "नाही," म्हटलं. "आता सावकाश बोलू."

साडेनऊ वाजले. मी लिहितेय. हे अजून वरच उभे आहेत.