इंजिन उतरवणं हे एका माणसाचं काम

७ एप्रिल १९९१, रविवार
बदलापूरला सासुरवाडी. मेहुणा नाथा नदीवर मासे धरतो. गेल्या वर्षी त्याने होडीसाठी जुनं इंजिन घेतलं. होडीच्या मागच्या फळीला बाहेरून दोन स्क्रूने आवळलेलं, खाली पाण्यात पंखा. वरच्या डोहातली जाळी काढून तो बाजार भरायच्या आत कुळगावात पोचतो. हल्ली इंजिन धूर सोडतंय. नाथा म्हणाला, चंदर मेस्त्रीला बोलावतो, तोच उतरवेल. म्हटलं, घरात माणूस असताना मेस्त्री कशाला? सतरा वर्षं अंबरनाथला कंपनीचं टूल-स्टोअर सांभाळतोय. कुठल्या नटाला कुठला पाना, झोपेत सांगेन.
बायको, वेणू, म्हणाली, "तुम्ही पाने देता. फिरवत नाही."
बायकांना टेक्निकल कळत नाही.

१४ एप्रिल
आज जयंतीची मिरवणूक. बदलापूरला गेलो नाही. प्लॅन मात्र डोक्यात फायनल.

२१ एप्रिल, सकाळी ९
स्क्रू ढिले करणे, इंजिन उचलणे, काठावर ठेवणे. दहा मिनिटं.

दुपारी १
स्क्रू गंजलेत. तेल सोडलं. हातोडीचे हलके ठोके. एक ठोका अंगठ्यावर. नाथा म्हणाला, "भाऊजी, होडी काठाला ओढू, आधी इंजिनाला दोरी बांधू." म्हटलं, दोरी भित्र्या माणसाला. तो धरायला आला, त्यालाही मागे पाठवलं. दोघं एका टोकाला आले तर होडी कलंडते. सायन्स आहे.

संध्याकाळी ५
पहिला स्क्रू सुटला. दुसराही सुटला. जरा एकदम सुटला.
इंजिन नदीत आहे. उतरलं, असं म्हणता येईल.

२२ एप्रिल
कंपनीत तब्येतीचं कळवलं. नाथाने अकरा बुड्या मारल्या. मी काठावरून दिशा सांगत होतो. बाराव्या बुडीला सापडलं, मी सांगत होतो त्याच्या उलट बाजूला. चौघांनी ओढून काढलं. नाथाचे डोळे लालभडक. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, तुम्ही च्या घ्या न सावलीत बसा." मान अजून आहे.
चंदर मेस्त्री कर्जतला लग्नाला गेलाय. त्याचा निरोप आला, मी येईपर्यंत इंजिन पिंपात, पाण्यात बुडवून ठेवा. हसूच आलं. भिजलेली वस्तू परत पाण्यात? नाथा पिंप भरायला लागला होता. त्याला थांबवलं. इंजिन अंगणात कडक उन्हात आडवं टाकलं.

२८ एप्रिल
खडखडीत वाळलंय. नाथाला म्हटलं, ओढ आता इंजिन चालू करायची दोरी. ओढली. मी ओढली. दोघांनी मिळून ओढली. हलत नाही. आणखी ऊन लागणार.

५ मे
चंदर आला. इंजिन उघडलं. आत सगळं विटेच्या रंगाचं. विचारलं, "सुकवला कोणी?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "पाण्यातून काढल्या काढल्या खोललं असतं तर चालू झालं असतं. नायतर पाण्यातच ठेवायचं. हवा लागली की गंज धरतो. याला नदीने नाय मारला, उन्हाने मारला."
मी म्हटलं, यावर दोन मतं असू शकतात. चंदर हत्यारं गोळा करत होता. दुसरं मत कोणी मांडलं नाही. नाथा माझ्याकडे पाठ करून जाळं सांधत बसला. त्याच्याजवळ जाऊन उभा राहिलो. परत येऊन खाटेवर बसलो.

१२ मे, सकाळी ७
नाथाने वल्ही काढली. वरच्या डोहापर्यंत एकट्याला होडी ओढवत नाही, म्हणून वेणू कालच माहेरी आलीय. मीही आलो. मला कोणी ये म्हटलं नव्हतं. आत्ता ती पदर खोचून दुसऱ्या वल्ह्यावर बसली. दोघांचे हात बरोबर एकदम पडत होते. लग्नाला अकरा वर्षं झाली, हिला वल्हवता येतं हे मला माहीत नव्हतं. कधी विचारलंच नाही.
काठावरून ओरडलो, मी येऊ का?
नाथा शांतपणे म्हणाला, "नको भाऊजी. वजन वाढतं."
वेणूने मागे वळून पाहिलं, म्हणाली, "चपलांकडे लक्ष ठेवा."
बसलोय. एक कुत्रं दोनदा आलं. दोन्ही वेळा हाकललं.